जेजुरकरांचे रूळ, माझं गाव

रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या दिसायला लागल्या की माझं डोकं फिरायला सुरुवात होते. बाकीच्यांना त्या ट्रॉल्यांचा राग वेगळ्या कारणासाठी येतो. त्या अर्धा रस्ता अडवतात, मागे दिवा नसतो, वळणावर एखादी मोळी अंगावर येते की काय असं वाटतं. माझं तसं नाही. ट्रॉल्या सुरू झाल्या म्हणजे नाताळ जवळ आला, आणि नाताळ जवळ आला म्हणजे सावेडीच्या डॉक्टरांचा फोन येणार. "बाई, यंदा टेबलं किती लागतील?" असं ते आधी विचारणार, आणि मग आवाज खाली आणून, "आणि जेजुरकरांना कुठं बसवू?"

यंदाही फोन आला. मी म्हटलं, "माझ्यापासून लांब."

हे डॉक्टर डोळ्यांचे. नगरला सावेडीत त्यांचा दवाखाना आहे आणि दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर परदेशातून मागवलेल्या छोट्या रेल्वेगाड्या आहेत. दर नाताळच्या सुट्टीत एका मंगल कार्यालयात ते अशा गाड्यांचं प्रदर्शन भरवतात. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांना सांगते. लग्नात ताटं मांडतात ती लांब टेबलं, त्यांच्यावर लाकडी फळ्या, फळ्यांवर दोन बोटं रुंदीचे रूळ, आणि त्या रुळांवर गरगर फिरणाऱ्या वीतभर गाड्या. भोवती साठीचे पुरुष. घरी स्वतःच्या हातानं पाण्याचा तांब्या न भरणारी ही माणसं इथं गुडघ्यांवर बसून टेबलाखालच्या तारा जोडत असतात, आणि कुणाचा डबा घसरला की घरात कुणी गेल्यासारखा चेहरा करतात. मी या लोकांत तेरा वर्षं आहे. मला त्यातले निम्मे आवडत नाहीत, आणि एक तर अजिबात नाही.

आणि मला या छंदात ओढून आणलं तेही त्या एकानंच, हे त्यातलं वाईट.

मी श्रीरामपूरला शाळेत चित्रकला शिकवायची. एक दिवस मधल्या सुट्टीत शिपाई सांगत आला, रेल्वेतले कुणी भेटायला आलेत. बाहेर एक उंच, काळेसावळे गृहस्थ उभे, हेच जेजुरकर. रेल्वेच्या सिग्नल खात्यात होते, नुकतेच रिटायर झालेले. खांद्यावरच्या उपरण्यात काहीतरी गुंडाळून आणलं होतं. माझ्या टेबलावर ते अलगद उलगडलं तर आत इंजिन. तेलाच्या डब्याचा पत्रा कापून, ठोकून, कथलाचा डाग देऊन केलेलं. आत जुन्या टेपरेकॉर्डरची मोटर. चाकांच्या दांड्या सायकलच्या आऱ्यांच्या. रंग मात्र असा नेटका की मी हात लावायला घाबरले.

"हे तुम्ही केलं?"

"व्हय. आन अशी चार हायेत. फळ्या केल्या, रूळ टाकले, गाडी बी पळती. पन बाई, नुसती फळी बगून माणूस किती वेळ बगनार? मला एक डोंगर पायजे."

मी त्यांना डोंगर करून दिला. नंतर पूल मागितला, पूल दिला. मग पाण्याचा पाट पाहिजे झाला. आठ वर्षं मी देतच राहिले. वर्तमानपत्रं भिजवून, कुटून, त्यात मेथीची पूड मिसळून लगदा करायचा, म्हणजे कीड लागत नाही. हे मला माझ्या आईनं शिकवलं होतं, ती लगद्याच्या टोपल्या करायची. त्याच लगद्याचा सोळा फुटी घाट झाला. वाळलेल्या घोसाळ्याची जाळी कातरली की बाभळीचा पसारा होतो. करवतीचा भुसा हिरव्या रंगात भिजवून वाळवला की गवत. केरसुणीचे तुरे एकाला एक खेटून लावले की ऊस. पाटाचं पाणी वार्निशचे थर देऊन देऊन, मधला एखादा थर जरा कमी वाळलेला ठेवला की खालून गढूळ दिसतं, तसं. पाटावर धुणं धुणाऱ्या तीन बाया होत्या, त्यातली एक काडेपेटीच्या काडीएवढी बाई लाल लुगडं पिळत होती. चर्च होतं, मारुतीचं देऊळ होतं, मशिदीचा मिनार होता, कांद्याचा बाजार होता. स्टेशनला नाव दिलं नव्हतं. लोकच नाव द्यायचे. "हे तर आपलं पुणतांबं," एक म्हणायचा. दुसरा म्हणायचा, "पुणतांबं नाही, राहुरी."

जेजुरकरांनी त्या आठ वर्षांत माझ्या कामाला एकदाही चांगलं म्हटलं नाही. "बसलं," म्हणायचे. म्हणजे त्यांच्या गाडीच्या आड येत नाही, एवढंच. मला ते चालायचं. सिग्नल खात्यातला माणूस आहे, हिरवा म्हणजे हिरवा आणि लाल म्हणजे लाल, मधलं बोलणार नाही, असं मी स्वतःला समजावून ठेवलं होतं. माणसाच्या उद्धटपणाला आपणच किती छान नावं देतो.

हे सगळं आमच्या शाळेच्या हॉलमध्ये, स्टेजच्या मागच्या खोलीत असायचं. एक किल्ली माझ्याकडं, एक त्यांच्याकडं. मग कोविड आला. शाळा बंद झाली, रस्ते बंद झाले. काही महिन्यांनी कळलं की आमच्या हॉलचं कोविड सेंटर केलंय. मी जेजुरकरांना फोन केला. ते म्हणाले, "काळजी करू नका, बाई. सगळं माझ्या घरी आणलंय. सुखरूप हाय."

"सगळं" हा शब्द मी नंतर दोन वर्षं मनात घेऊन बसले होते.

त्यातच शांतवन, म्हणजे माझे यजमान, आजारी पडले. मीही पॉझिटिव्ह, पण मला नुसता ताप. त्यांना मात्र ॲम्ब्युलन्स घेऊन गेली. अकरा दिवस ते त्याच हॉलमध्ये होते आणि मी दाराला कागद चिकटवलेल्या घरात एकटी. ते परत आले तेव्हा शर्टाच्या आत माणूस शोधावा लागत होता. त्या दिवसांत मला कुठली गाडी आणि कुठला घाट आठवणार? आठवलाच तर एवढंच वाटायचं, बरं झालं, ते तरी नीट ठेवलंय कुणीतरी.

दोन पावसाळे गेले. पुन्हा ट्रॉल्या सुरू झाल्या. डॉक्टरांनी ठरवलं की प्रदर्शन परत भरवायचं, आणि जेजुरकरांचा फोन आला. "बाई, पंधरा दिवस हायेत. जरा येऊन जावा. थोडं हिरवं करायचंय."

थोडं हिरवं करायचंय म्हणजे काय, हे मला तिथं जाईपर्यंत समजलं नाही.

त्यांचं घर रेल्वे लाइनच्या पलीकडं. मागे पत्र्याची शेड. शेडमध्ये आठ फळ्या ओळीनं मांडलेल्या, वर रूळ, चकचकीत पुसलेले. आणि बाकी काही नाही. जिथं घाट होता तिथं लगद्याचे तपकिरी डाग होते. पाटाच्या जागी खरवडलेला निळा पट्टा. चर्चच्या जागी चार खिळ्यांची चार भोकं. मी त्या भोकांवर बोट ठेवलं ते आठवतंय.

"माझं गाव कुठंय?"

"गाव न्हाई ऱ्हायलं."

"तुम्ही फोनवर सगळं सुखरूप म्हणाला होतात."

"रूळ हायेत ना. इंजिनं हायेत."

मग त्यांनी सांगितलं. मी विचारलं म्हणून, नाहीतर तेही सांगितलं नसतं. सकाळी हेडमास्तरांचा फोन आला होता. दुपारपर्यंत खाटा येणार, दोन तासांत खोली मोकळी करा. टेम्पो मिळेना, पोलिसांनी रस्ते अडवलेले. त्यांनी शेजारच्या भाजीवाल्याची हातगाडी नेली. गाडीवर फळ्या एकावर एक रचायच्या तर डोंगर मध्ये येत होते.

"डोंगरासकट बसंनात. मग काढले."

"कसे काढले?"

"खुरप्यानं."

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही. "कशानं?"

"खुरप्यानं, बाई. दुसरं काय हुतं तितं? चांगले घट्ट बसवले हुते तुमी. लई येळ लागला."

हे त्यांनी मला आयुष्यात दिलेलं पहिलं प्रशस्तिपत्र.

"इंजिनं मी हातानं केलेली," ते म्हणाले. "ती काय दुकानात मिळत्यात?"

"आणि माझी झाडं मिळतात?"

त्यांनी शेडच्या दारातून बाहेर हात केला. तिकडं लाइनच्या कडेला बाभळी होत्या. "झाडं परत येत्यात," म्हणाले.

मी चप्पल घातली आणि निघाले. मागून त्यांचा आवाज आला, "पंधरा दिवस हायेत!" मी वळून पाहिलं नाही.

घरी आले तर शांतवन नाताळच्या करंज्यांसाठी खोबरं किसत बसले होते. आजारानंतर उभं राहायची कामं होत नाहीत म्हणून बसून करायची सगळी कामं त्यांनी घेतली आहेत. मी दारातूनच सांगायला सुरुवात केली. खुरपं, खिळ्यांची भोकं, हातगाडी. ते किसत राहिले. माझ्या लक्षात आलं की या माणसाला धक्का बसलेला नाही.

"तुम्हाला माहीत होतं?"

किसणी थांबली. "मी बघितलं होतं," ते म्हणाले. "माझी खाट खिडकीशी होती. बाहेर कंपाउंडच्या भिंतीला लागून तुझा घाट पडला होता. ऑगस्टचा पाऊस. रोज थोडा थोडा खाली बसायचा. पहिल्यांदा मला कळलंच नाही काय आहे. मग चर्च दिसलं. शेवटी शेवटी चर्चचं टोक तेवढं वर होतं. मी आलो त्या दिवशीपर्यंत होतं."

"आणि मला सांगितलं नाहीत?"

"मी आलो तेव्हा तू दारात रडत होतीस. तेव्हा डोंगराचं सांगू?"

"आणि नंतर? दोन वर्षं?"

"नंतर राहून गेलं."

मी खूप बोलले. काय बोलले ते इथं लिहीत नाही. एवढं आठवतं की किसलेल्या खोबऱ्याची परात मी ओट्यावर इतक्या जोरात ठेवली की अर्धं खोबरं जमिनीवर गेलं. शांतवन ते वेचत होते आणि वेचता वेचता खाली मान घालूनच म्हणाले, "सुवार्ता, ती जागा त्यांनी रिकामी केली म्हणून मला तिथं खाट मिळाली."

ते मला पटलं. आजही पटतं. पण पटलं की राग जातो असं ज्यांना वाटतं, ते खरे रागावलेच नसावेत कधी. हॉल रिकामा करायलाच हवा होता. माझा घाट सुरुंग लावून उडवला असता तरी मी एका शब्दानं काही म्हटलं नसतं. पण दोन तासांतलं एक मिनिट माझं होतं. त्यांच्या खिशात फोन होता. त्यात माझा नंबर होता.

मी हिरवं करायला गेले नाही. करंज्या केल्या, चर्चमध्ये गायले, आणि प्रदर्शनाच्या पहिल्या दिवशी सकाळच्या एसटीनं नगरला गेले. कंडक्टर तेव्हा "नगर, नगर" ओरडत होता; आता पाटीवर अहिल्यानगर आहे, तोंडात अजून नगरच. राहुरीच्या पुढं दोन्ही बाजूंना तोडलेला ऊस, मध्येच पेटवलेलं पाचट, खिडकीतून आत येणारी त्याची काळी उडणारी काजळी. पांढऱ्या साडीवर एक डाग पडला. मी तो पुसला नाही. भांडायला निघालेल्या माणसाला डाग शोभतो.

इतक्या दिवसांनी माणसं जमली होती. दारात सॅनिटायझरची बाटली होती, ती कुणी दाबत नव्हतं. मास्क हनुवटीवर. लोक एकमेकांच्या खांद्यांवर हात ठेवत होते आणि ते काढायला विसरत होते. कोण आलं नाही याची चौकशी करताना आवाज बारीक करत होते. दोघं जण कायमचेच येणार नव्हते. मंगल कार्यालयाच्या स्वयंपाकघरातून बटाटेवड्यांचा वास, इकडं तारांचा आणि तेलाचा वास. हे सगळं मला किती हवं होतं ते आत पाऊल टाकल्यावर समजलं, आणि त्यामुळं राग आणखी वाढला. मी इथं आनंदानं यायला हवं होतं.

जेजुरकरांच्या फळ्यांवर हिरवी प्लॅस्टिकची चटई अंथरली होती, लग्नात स्टेजवर टाकतात ती. मागे बर्फाच्या डोंगरांचा फ्लेक्स. पुढून पत्र्याचं काळं इंजिन पाच डबे घेऊन फिरत होतं. लोक यायचे, एक फेरी बघायचे, पुढं जायचे.

मी खांबाशी उभी होते. तेवढ्यात राहुरीच्या एक बाई आल्या. दरवर्षी यायच्या, चेहऱ्यानं ओळख होती. त्यांनी फळ्यांभोवती दोन चकरा मारल्या आणि जेजुरकरांना विचारलं, "अहो, इथं ते गाव होतं ना? पाटावर बाया धुणं धुत होत्या. एकीच्या हातात लाल लुगडं होतं. कुठं गेलं?"

"पुरात वाहून गेलं," जेजुरकर म्हणाले.

आजूबाजूचे हसले. त्या बाईही हसल्या.

मी पुढं झाले. "वाहून नाही गेलं. यांनी खुरप्यानं काढून भिंतीशी फेकलं."

 जेजुरकरांनी माझ्याकडं पाहिलं. मान हलवली. "व्हय. फेकलं."

"मला विचारलं का नाहीत? एक फोन करायचा होता!"

"केला असता तर तुमी न्हाई म्हनला असता."

"हो. म्हणाले असते."

"मग? तुमी न्हाई म्हनल्यावर मला खुरपं चालवता आलं असतं का?"

मी बोलायला तोंड उघडलं. त्यांनी खिशातून दोन्ही हात काढले आणि माझ्यासमोर धरले. मी त्या दिवशी पहिल्यांदा लक्ष दिलं. ते हात थरथरत होते. वाऱ्यानं पान हलतं तसं नाही. आत कुणी मोटर लावून ठेवल्यासारखं, एका लयीत.

"त्या टायमालाच सुरू झालं हुतं," ते म्हणाले. "घरात बी सांगितलं न्हवतं. तुमचे हात चालू हायेत, बाई. तुमी परत करू शकता. मी एक बी इंजिन परत करू शकत न्हाई. मी तितं उबा ऱ्हाऊन इच्यार केला. मग काढले डोंगर."

डॉक्टर कुठूनसे आले आणि म्हणाले, "चला, चहा घेऊ." चहा कुणीच घेतला नाही. राहुरीच्या बाई हळूच दुसऱ्या टेबलाकडं गेल्या. काळं इंजिन चटईवर फिरतच होतं, कारण ते बंद करायचं कुणाला सुचलं नाही.

परतीच्या एसटीत मी खिडकीशी बसून त्यांना माफ करता येतं का ते बघत होते. राहुरी आली, गेली. नाही जमलं. दया आली, खोटं कशाला बोलू, फार आली. पण दया येऊन बसली ती रागाच्या शेजारीच; त्याला उठवलं नाही. उलट आता एक नवीन तक्रार झाली. थरथरणाऱ्या हातांच्या माणसावर धड ओरडताही येत नाही. माझा तेवढा हक्कही त्यांनी काढून घेतला होता. आणि ते असंही ठरवून मोकळे झाले होते की माझं काम परत होण्यासारखं आहे. ते कुणी ठरवायचं? पहिल्यांदा केलं तेव्हा माझी आई हयात होती. लगद्यात मेथी किती टाकायची ते ती खाटेवरून सांगायची.

त्या वर्षी होळी झाल्यावर मी गाव परत करायला घेतलं. एकटीनं. फळ्या माझ्या, जागा माझ्या घराच्या मागच्या पडवीत. शांतवन बसून कागद फाडायचे आणि मी कुटायची. आमचं त्या खोबऱ्यानंतर फारसं बोलणं नव्हतं, कागद फाडण्याच्या निमित्तानं ते परत सुरू झालं. यावेळचा घाट पहिल्यापेक्षा कोरडा झाला. हात तसाच वळला. लाल लुगड्यावाली केली, पण ती आता पिळत नव्हती, वाळत घालत होती.

आणि रूळ टाकले नाहीत. घाटातून, पुलावरून, उसाच्या कडेनं, स्टेशनात, सगळीकडं रुळांसाठी भराव केला, त्यावर चाळलेली खडी टाकली, पण रूळ नाहीत. प्लॅटफॉर्मवर माणसं उभी केली, बोचकी घेऊन. डॉक्टरांना फोन केला, "माझं वेगळं टेबल लावा. जेजुरकरांच्या समोरच्या टोकाला."

तो नाताळ डॉक्टरांच्या कायम लक्षात राहील. हॉलच्या एका टोकाला चटईवर फिरणारी गाडी आणि दुसऱ्या टोकाला गाडी नसलेलं गाव. लोक माझ्याकडं येऊन विचारायचे, "गाडी कधी सुटणार?"

"सुटणार नाही."

"बिघडलीय का?"

"नाही. नाहीच आहे."

लोक गोंधळून प्लॅटफॉर्मवरच्या माणसांकडं बघायचे. डॉक्टर दिवसातून तीनदा हात जोडून यायचे. "बाई, दोन टेबलं सरकवली की झालं हो. त्यांचे रूळ, तुमचं गाव." मी म्हणायची, "त्यांना विचारलंत?" ते म्हणायचे, "त्यांनीही हेच विचारलं."

दुसऱ्या दिवशी दुपारी, गर्दी जेवायला गेली होती तेव्हा जेजुरकर माझ्या टेबलाशी आले. हात खिशात. कमरेत वाकून, एक डोळा मिटून, भरावाच्या रेषेत बराच वेळ बघत राहिले. मला वाटलं आता माफी मागतील, आणि मागितलीच तर काय म्हणायचं ते मी मनात जुळवायला लागले.

"चढ लई हाय," ते म्हणाले. "पुलाच्या आदी. गाडी चढायची न्हाई."

"इथं गाडी येणारच नाहीये."

"तरीबी," म्हणाले आणि गेले.

त्या रागात मला ते पूर्ण प्रदर्शन कसं संपलं आठवत नाही. घरी आल्यावर चार दिवस मी पडवीत पाऊल टाकलं नाही. पाचव्या दिवशी गवंड्याची लेव्हल आणली आणि पुलाच्या आधी भरावावर ठेवली. बुडबुडा एका टोकाला जाऊन बसला. फूटपट्टी लावून मोजलं. जेजुरकर बरोबर होते. नुसतं डोळ्यानं बघून बरोबर होते. तो चढ कुठलंच इंजिन चढलं नसतं.

मी पुलाच्या आधीचा सगळा भराव फोडला. एप्रिलचं ऊन, पडवीचा पत्रा तापलेला, लगदा थापायच्या आत वाळायचा. शांतवननी विचारलं, "गाडी यायची नाही तर कशाला करतेस?"

"चुकीचं होतं म्हणून."

ते कागद फाडत राहिले.

मागच्या वर्षी डॉक्टर मुलीच्या बाळंतपणासाठी परदेशी गेले आणि प्रदर्शन माझ्या गळ्यात टाकून गेले. कार्यालय ठरवणं, वायरमन, वडेवाला, कुणाचं टेबल कुठं, सगळं माझ्याकडं. मी जेजुरकरांचं टेबल हात धुण्याच्या बेसिनांपाशी लावलं. जाणूनबुजून. तिथं दिवसभर पाणी सांडतं आणि लोक तोंड पुसत पुढं जातात. मी त्याबद्दल देवापाशी काही बोलले नाही आणि बोलणारही नाही.

ते आले, सोबत त्यांची सून मनीषा. येताना माझ्या टेबलावरून गेले. पुलाच्या आधी क्षणभर थांबले, चढाकडं पाहिलं, पुढं गेले. बेसिनाजवळचं टेबल पाहून मनीषानं माझ्याकडं वळून बघितलं.  फळ्या लागल्या, चटई अंथरली, तारा जोडल्या. त्यांच्या हातांचं थरथरणं वर्षभरात फार वाढलं होतं.

मग त्यांनी इंजिन उचललं आणि रुळांवर ठेवायला गेले.

ज्यांनी हे कधी केलं नसेल त्यांना वाटेल त्यात काय. पण चाकाची कडा रुळाच्या आतल्या बाजूला नेमकी बसावी लागते, प्रत्येक चाकाची, आणि ती दिसत नाही, बोटाला लागते. त्यांचं इंजिन रुळावर टेकायचं आणि टकटकटक वाजत बाजूला उतरायचं. पुन्हा उचललं. पुन्हा उतरलं. मनीषानं घेतलं, तिला जमेना, तिनं एक चाक बसवलं की दुसरं निघायचं. दहा-बारा माणसं जमली. "बंद आहे का हो?" कुणीतरी विचारलं. जेजुरकर टेबलाची कड धरून उभे राहिले. कड धरली की हात थांबतात असं त्यांना वाटत असावं. टेबलावरचे डबे एकमेकांवर किणकिणायला लागले.

मी समोरच्या टोकाला होते. तिथून सगळं दिसत होतं. मी वायरमनशी बोलत राहिले. मग वायरमन काय म्हणतोय ते मला ऐकू येईना.

मी हॉल ओलांडून गेले. मनीषाच्या हातातलं इंजिन घेतलं. आठ वर्षं शेजारी बसून मी ते बघितलं होतं: आधी मागचं चाक, अंगठ्यानं दाबायचं, मग पुढं सरकवत सोडायचं, टक् असा एक बारीक आवाज येतो. आला. मग डबे, एकेक. पाच. मी त्यांच्याकडं बघत नव्हते, तेही माझ्याकडं नाही.  मी हात पुसले आणि वळले.

"शेवटचा डबा उलटा लावला," मागून जेजुरकर म्हणाले. "लाल दिवा मागं पायजे."

मी थांबले. बघितलं. खरंच, शेवटच्या डब्याचा लाल दिवा पुढच्या डब्याला खेटून होता आणि गाडीचं शेपूट आंधळं होतं. उचलून फिरवायला मला पाच सेकंद लागले असते. त्यांना अख्खा दिवस पुरला नसता. ते दोघांनाही माहीत होतं.

"मग तशीच जाऊ द्या," मी म्हटलं.

जेजुरकर माझ्याकडं बघत राहिले. सिग्नल खात्यात पस्तीस वर्षं काढलेला माणूस. मागचा लाल दिवा दिसेपर्यंत गाडी पूर्ण गेली असं ज्यांनी कधी मानलं नाही, ते. मग त्यांनी दोन्ही हातांनी बटण धरलं आणि फिरवलं.

गाडी सुटली. संध्याकाळी दारं लावेपर्यंत ती तशीच फिरत होती. लोक आले, बघून गेले, कुणाच्या काही लक्षात आलं नाही. बेसिनापाशी उभे असलेले जेजुरकर प्रत्येक फेरीला त्या डब्याकडं बघत होते, आणि हॉलच्या दुसऱ्या टोकावरून मीही.